तव्यावरची रांगोळी

रांगोळीचं स्टिकर ज्याने कुणी शोधून काढलं असेल ना, त्याला एकदा माझ्या आईसमोर उभं करायला हवं. दोन मिनिटं पुरेत. त्यानंतर तो बिचारा आयुष्यात पोस्टाचं तिकीटसुद्धा चिकटवणार नाही.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. समोरच्या वहिनी प्लास्टिकची एक गुंडाळी घेऊन आमच्याकडे आल्या. या वहिनी आमच्या जुन्या चाळीतल्याच. घाटकोपरातली ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि चाळीत शेजारी शेजारी असलेली आमची दारं नव्या इमारतीत नेमकी समोरासमोर आली. वहिनींनी गुंडाळी उलगडली. कमळ, मोर, पणत्या आणि खाली झगमगीत अक्षरांत ‘शुभ दीपावली’.

“काकू, आता कशाला गुडघ्यांना त्रास?” त्या आईला म्हणाल्या. “हे दारात चिकटवायचं, झालं काम. वरून फडकं मारलं की स्वच्छ.”

“बरा झाला गो बाय,” आई गोड हसून म्हणाली. वहिनींच्या मागे दार बंद झालं आणि आईचं हसूही बंद झालं. “ह्या काय ता? पायपुसणा?”

माझी आई मालवणी. बाबा गिरणीत कामाला होते तेव्हा लग्न होऊन ती मुंबईत आली. इतकी वर्षं झाली, पण बोली मात्र तिने गावच्या एसटी स्टँडवरून उचलून आणली तशीच ठेवली आहे. आणि मालवणी माणसाने एखाद्या वस्तूला एकदा नाव ठेवलं की ते सुटत नाही. त्या दिवसापासून ते स्टिकर आमच्या घरात ‘पायपुसणा’ झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा स्टिकरवर एवढा राग कशाला? तर त्यासाठी चाळीतलं आमचं दार बघायला हवं होतं. दिवाळीत पहाटेच आई गॅलरीत गेरूचा चौकोन सारवायची, ठिपके मांडायची आणि चिमटीतून रेघ सोडायची. काय ती रेघ! हात एकदा खाली गेला की रेघ पुरी होईपर्यंत थांबायचा नाही. गॅलरी अरुंद, सगळ्या मजल्याची येजा तिथूनच, पण आईच्या रांगोळीवर कुणी पाय दिलेला मला आठवत नाही. दूधवाला किटली सावरत कठड्याला घासून जायचा. बायका निऱ्या उचलून कडेकडेने जायच्या. आमच्याशी भांडायला आलेली माणसंसुद्धा आधी रांगोळीला वळसा घालायची आणि मग भांडायची. दार दिवसभर सताड उघडं, आणि आई आत तांदूळ निवडता निवडता बघत बसायची, कोण कसा वळसा घालतो ते. तिची मोजपट्टी तीच होती. “जिच्यार लोक पाय देतत ती रांगोळी न्हय,” ती म्हणायची.

नव्या इमारतीत आई, मी, नवरा आणि लेक राहायला आलो आणि सगळ्याचीच वाट लागली. आधी तिच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. आता वॉकर धरून चालते झकास, पण जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे. रांगोळी काय खुर्चीत बसून काढतात? तिने तेही करून बघितलं. खुर्चीतून वाकून रेघ सोडायला गेली, तर एवढ्या उंचीवरून रांगोळी भुरभुरून भलतीकडेच पडली. त्यात खालची लादी आरशासारखी गुळगुळीत. जरा वारा आला की रांगोळी लिफ्टच्या दिशेने पळते. आणि वरचा तो शहाणा दिवा! आमच्या पॅसेजला खिडकी नाही. दिवा सेन्सरचा, माणूस हललं तरच लागतो. आई ठिपका मांडायला स्थिर झाली की हा विझायचा. मग तिने चिमूट हवेत धरून दुसरा हात ओवाळायचा, दिवा लागायचा, की पुन्हा ठिपका. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्या बाबतीत नाच येत होता, अंगणच खरोखर वाकडं होतं.

वर सेक्रेटरी काकांची सूचना लिफ्टशेजारी लागली. पॅसेजच्या लादीवर गेरू, रंग, रांगोळी काहीही नको, डाग जात नाहीत. आईने ती सूचना चष्मा लावून वाचली, घरात आली आणि रांगोळीचे डबे माळ्यावर टाकायला सांगितले. एक शब्द बोलली नाही. माझी आई भांडली असती तर मला चाललं असतं. ती गप्प बसली, ते मला सोसलं नाही. त्यानंतर ती दार उघडं ठेवा असंही म्हणेना. बघायचं काय होतं बाहेर?

मी म्हटलं, मी काढते, तू फक्त सांग. तर म्हणाली, “तू? तुझी रेघ म्हणजे खड्डे चुकवणारी रिक्षा.” खरंच होतं, त्यामुळे जास्त झोंबलं.

तर असा सगळा राग डोक्यात घेऊन मी फिरत होते. मला एकच गोष्ट हवी होती. त्या दिवाळीत माझ्या आईच्या दारात तिच्या हातची रांगोळी हवी होती, आणि लोकांनी तिला वळसा घालायला हवा होता. कशी, ते माहीत नव्हतं. स्टिकर मात्र मी लावू देणार नव्हते, मग कुणी काहीही म्हणो.

त्यातच लेकीला दिवाळीच्या सुट्टीचा प्रोजेक्ट आला. ती चौथीत. तिने मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरवूनच टाकलं होतं. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला मेणाचे रंगीत खडू ओळीने चिकटवायचे, पुठ्ठा उभा करायचा, केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा मारायची, आणि खडू वितळून रंग धबधब्यासारखे खाली येतात. व्हिडिओत एक परदेशी बाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हे करत होती. तिच्या कपड्यांवर एक थेंब उडाला नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

नवऱ्याला सांगितलं, येताना खडू घेऊन ये. त्याने फळ्यावर लिहायचे खडू आणले. “अरे, हे वितळणार आहेत का?” मी विचारलं. “तू खडू म्हणालीस ना? मग?” आमच्या दोघांच्याही शाळेत खडू म्हणजे फळ्याचाच, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार! मुकाट्याने चपला घातल्या आणि मीच जाऊन मेणाचे घेऊन आले.

मग आमचा धबधबा सुरू झाला. पुठ्ठा ओट्याला टेकवून उभा केला. आई खुर्ची ओढून दारात बसली, म्हणजे फुकटचा तमाशा. ड्रायर लावला. बराच वेळ काहीच होईना. “जवळ धर, आई, अजून जवळ,” लेक ओरडली. जवळ धरला, आणि एकदम सगळे खडू मिळून रडायला लागले. लाल हिरव्यात, हिरवा जांभळ्यात, आणि खाली येईपर्यंत सगळ्याचा चिखल. ड्रायरच्या वाऱ्याने तो चिखल ओट्यावर, मिक्सरवर, टाइल्सवर, माझ्या गाऊनवर. तेवढ्यात तिकडे गीझर चालू होता, तो आणि ड्रायर दोघांचा भार झेपला नाही आणि घरातली वीजच गेली. “डोंबल तुझ्या प्रोजेक्टचं!” मी ओरडले. लेक रडायला लागली. आणि आई हसत होती. किती महिन्यांनी! पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

“हसायला काय झालं?”

“अगो, रंग असो ओतूचो नसता. रंगाक हात लागता.” मग उठली, कंबर ओट्याला टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, “तो बिडाचो तवो काढ बघू.”

बिडाचा तवा म्हणजे आमचा घावण्यांचा जुना, जड, काळाकुट्ट तवा. काठ उडाल्यामुळे तो निवृत्त झाला होता, पण टाकून द्यायचं नाव काढलं की आई आठवडाभर बोलायची नाही, म्हणून ओट्याखाली पडून होता. तिचं डोकं बघा. मेण वितळवायचंच आहे ना, मग वरून वारा कशाला? खालून आच द्या. तव्यावर कागद ठेवायचा आणि कागदावर खडूने चित्र काढायचं. खडू फिरेल तसा जागच्या जागी विरघळेल. कल्पना फक्कड होती. लेक डोळे पुसून स्टुलावर चढली.

तवा तापला. आईने कागद हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने काय करावं? बशीतला अर्धा कांदा उचलला, तेलात बुडवला आणि गर्रकन तव्यावर फिरवला! कागद वर ठेवूनही टाकला.

“आई! तेल कशाला?”

आई स्वतःच हातातल्या कांद्याकडे बघत राहिली. “तवो तापलो की कांदो फिरवूचोच लागता,” ती पुटपुटली. जन्मभर जो हात तवा तापला की कांद्याकडेच गेला, तो आज कागद आहे म्हणून थोडाच थांबणार होता? कागदाने ते तेल असं पिऊन घेतलं की विचारू नका. वडापाव बांधून आणलेल्या कागदासारखा दिसायला लागला. लेकीने काढलेलं फूल त्या तेलात पसरलं आणि मधे मधे घावण्याला पडते तशी जाळी पडली. पुन्हा रडारड. मी वैतागून तो कागद उचलला आणि निथळावा म्हणून खिडकीच्या गजाला चिमटा लावून अडकवला. म्हटलं, गेला आजचा दिवस.

आमची खिडकी पश्चिमेची. उन्हं उतरली तशी ती थेट कागदावर आली. मी ओटा खरवडत होते, पाठ तिकडे होती.

“आजी,” लेक म्हणाली, “फुलात लाईट लागली.”

वळून बघितलं. तेलाने कागद पारदर्शक झाला होता आणि उन्हात तो लाल आणि पिवळा रंग असा पेटला होता की मी हातातली घासणी तशीच धरून उभी राहिले. जाळीच्या भोकांतून ऊन आत येत होतं. मेणाचा एवढासा खडू तो, पण सांगते तुम्हाला, डोळे दिपले. आई हळूहळू चालत खिडकीपाशी गेली. कागदाला बोट लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “खडू किसून दी माका.”

“काय?”

“किसणीर किस. माझ्या बोटांका खडू धरूची सवय नाय. चिमटीची सवय.”

तिला काय हवंय ते आता माझ्या डोक्यात शिरलं. मी जुनी किसणी काढली आणि लाल खडू किसला. त्याचा झाला लाल भुगा. आईने चिमटीत घेतला, बोटांवर चोळून बघितला, आणि रांगोळी बाजारात घेताना करते तसं तोंड केलं, म्हणजे ठीक आहे, चालेल. नवा कागद तव्यावर ठेवला, कांद्याने त्याला तेलाचं बोट लावलं, या वेळी ठरवून, आणि चिमटीतून रेघ सोडली. मेणाचा भुगा कागदावर पडायचा आणि पडता पडताच विरघळून रेघ व्हायचा. उडायची भीती नाही, पसरायची भीती नाही. आईचा हात खाली गेला तो रेघ पुरी होईपर्यंत थांबला नाही. तीच रेघ होती ती. चाळीतली. आणि ती उभी राहून काढत होती.

मला रडू आलं. नाक शिंकरलं आणि म्हटलं, काय ह्या खडूचा वास!

पुढचे काही दिवस आमच्या ओट्यावर स्वयंपाकाला जागा नव्हती. बश्यांतून किसलेले खडू, प्रत्येक बशीत वेगळा रंग. पहिले कितीतरी कागद फुकट गेले. आच जास्त झाली की मेण धुरायचं, मग खिडक्या उघडा, पंखे लावा. “घावण्याची आंच नको,” आई स्वतःलाच सांगायची, “पेज ऊन ऱ्हवता तेवढीच होई.” कधी तेल जास्त, कधी ठिपका चुकला. चुकला की आई त्या ठिपक्याला अशा काही मालवणी शिव्या घालायची की मी लेकीला बाहेरच्या खोलीत पाठवायचे, आणि लेक दाराआडून ऐकून पाठ करायची. नवरा डबा नेताना म्हणाला, “आज भाजीत कुठला रंग आहे?” मी म्हटलं, खा गुमान.

शेवटी एक जमला. तव्याएवढा गोल. मधे आठ पाकळ्यांचं कमळ, भोवती वेल, कडेला गोपद्मं. दिव्यासमोर धरला की सगळं जागं व्हायचं. आदल्या वर्षीच्या गोल कंदिलाचा तारेचा सांगाडा माळ्यावर होता. लेकीने आणि मी आधीचे बरे कागद त्याच्या अंगाला लावले, आणि तो गोल कागद तळाला. आत एलईडीचा दिवा, म्हणजे गरम होऊन मेण गळायला नको.

आणि इथे आईने पाय आडवा घातला.

“रांगोळी टांगतत काय गो? पायाकडची वस्तू डोक्यार?”

“अगं, कंदील आहे तो.”

“होय ना? मग कंदील म्हण. माका रांगोळी म्हणून फसव नको.”

मी चिडले. एवढे दिवस घर डोक्यावर घेतलं, ओटा खराब झाला, गाऊन फुकट गेला, आणि आता ही! म्हटलं, “मग लाव ते पायपुसणं आणि बस!” ती गप्प झाली. पुन्हा तसलीच गप्प. रांगोळी जमिनीवर असते, दारात असते, लोक तिला वळसा घालतात. लोक कंदिलाकडे बघतात, छान म्हणतात आणि त्याच्या खालून तरातरा चालत जातात. तिचं चुकत नव्हतं, आणि तेच मला जास्त लागत होतं.

संध्याकाळी नवऱ्याने कंदील दाराबाहेर अडकवला. आम्ही सगळे पॅसेजमध्ये उभे. सेन्सरचा दिवा भगभगीत लागलेला, त्यात कंदील अगदीच बापुडवाणा दिसत होता. “छान आहे,” नवरा म्हणाला, म्हणजे नव्हता. कुणी हलेना. आई दारात वॉकर धरून उभी. आणि माणसं हलली नाहीत म्हणून तो शहाणा दिवा विझला.

“आजी, वर नको!” लेक कुजबुजली. “खाली बघ!”

खाली लादी होती. सगळ्या इमारतीने जिला शिव्या घातल्या ती गुळगुळीत, निसरडी, रांगोळी न धरणारी लादी. आरशासारखी. त्या लादीत, आमच्या दारात, आठ पाकळ्यांचं कमळ उमललं होतं. भोवती वेल, कडेला गोपद्मं, आणि सगळ्याभोवती तांबूस, पिवळा, हिरवा उजेड सांडलेला.

आई बघत राहिली. वॉकरवरची तिची बोटं हलत होती, जणू ठिपके मोजत होती. मग एवढंच म्हणाली, “पडली गो. खाली पडली.”

मी टाळी वाजवली आणि त्या हालचालीने दिवा पुन्हा पेटला. कमळ फिकं पडलं. हात तिच्या! आता दिवाळीत लोक येणार, हलणार, चालणार, म्हणजे हा भगभगीत दिवा सारखा लागणार. सेक्रेटरींना विनंती करायची? अर्ज द्यायचा? माझा तेवढा स्वभाव नाही. मी घरात गेले, वहिनींचं स्टिकर आणलं, स्टुलावर चढले आणि कमळ-मोर-पणत्यांसकट ते त्या सेन्सरवर चिकटवून टाकलं. गच्च. वरून तळहात फिरवला. दिवा विझला तो विझलाच. दुधाची तहान ताकावर भागवायला दिलेली वस्तू शेवटी अशी कामाला आली. लेकीने खालून शिट्टी मारली.

दिवाळीच्या संध्याकाळी मी आईची खुर्ची दारात ठेवली. जरीची साडी, हातात काकणं. सगळ्यांत आधी आले सेक्रेटरी काका. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं आणि थबकले.

“हे काय? लादीवर रंग? सूचना वाचली नाही का तुम्ही?”

“वाचली ना,” मी म्हटलं. “डाग आहे का बघा.”

ते खरंच वाकले. बोटाने लादी घासली, बोट बघितलं. पुन्हा घासली. जरा सरकून घासायला गेले तर कमळही सरकलं. बिचारे त्याच्यामागे दोन पावलं उकिडवे चालले. मग त्यांनी मान वर केली, कंदील बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला, कंदिलाचा उजेड सोडूनसुद्धा. “दिव्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं. “दिवाळी आहे,” मी म्हटलं. काका “शुभ दीपावली” म्हणाले आणि जिन्याने गेले. आई खुर्चीत बसून पदर चावत होती.

पण तिची नजर समोरच्या दाराकडे होती. मला माहीत होतं. चाळीत शेजारच्या दारात वहिनीही रांगोळी काढायच्या, आणि आईच्या रांगोळीला निऱ्या उचलून वळसा घालणाऱ्या पहिल्या त्याच असायच्या. त्यांनी वळसा घातला तर ती रांगोळी. नाहीतर कंदील.

समोरचं दार उघडलं. वहिनी फराळाचं ताट घेऊन बाहेर आल्या, वर विणलेला रुमाल. त्यांचं दार ते आमचं दार, सरळ नाकासमोर चाललं तर चार पावलं. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि खाली बघितलं.

थांबल्या.

वहिनींनी एका हातावर ताट तोललं, दुसऱ्या हाताने निऱ्या उचलल्या आणि भिंतीकडे सरकल्या. त्या सरकल्या तसं लादीतलं कमळही त्यांच्याकडे सरकलं. त्या आणखी सरकल्या. कमळ आणखी सरकलं. “अगं बाई!” म्हणत त्यांनी पाठ भिंतीला लावली आणि पोट आत घेऊन, ताट डोक्याच्या उंचीला धरून, तसूतसूने भिंतीला घासत आमच्या दाराशी आल्या. एक चकली रुमालाखालून निसटून पडली, तीसुद्धा कडेला. एवढा मोठा वळसा चाळीतसुद्धा कुणी घातला नव्हता.

“काकू,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “ही रेघ तुमचीच.”

“मगे कोणाची?” आई म्हणाली. “ये, बस. चकले कडक झाले असतले तुझे, दरवर्सासारखे.”

वहिनी हसल्या, आईही हसली आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. वहिनींना वरचं स्टिकर अंधारात दिसलं नसावं, किंवा दिसलं असेल तर त्या काही बोलल्या नाहीत. मी जिंकले होते. नाही, आई जिंकली होती, पण मला स्वतः जिंकल्यासारखं नाचावंसं वाटत होतं. फराळ झाला, चहा झाला, आणि वहिनी पुन्हा तसाच भिंतीला घासत वळसा घालून घरी गेल्या.

इथे सगळे दारं लावून घेतात म्हणून मीही सवयीने उठले आणि कडीला हात घातला.

“दार लाव नको गो,” आई म्हणाली. तिने खुर्ची जरा पुढे ओढली आणि मांडीवर निवडायचे तांदूळ मागितले. “उघडाच ऱ्हवांदे. लोक येतले.”